चार तळहात

मनू, काल फोनवर तू टायरचं विचारलंस आणि मी ‘उद्या निवांत बोलू’ म्हणून विषय टाळला. तुझे भाऊजी शेजारीच बसले होते. टायरचं नाव निघालं की ते माझी एक जुनी गोष्ट मीठमसाला लावून सांगतात. आज ते बाहेर गेलेत, माझा चहा झालाय, तेव्हा मीच सांगते.

तुझं म्हणणं काय, तर पिकअप चांगली दणकट आहे, फोर-बाय-फोर आहे, टायर ऑल-सीझन आहेत म्हणजे नावातच सगळे ऋतू आले. मग वर आणखी दीड-दोन हजार डॉलर कशाला? विकणाऱ्यानंही म्हणे सांगितलं, ‘या गाडीला गरज नाही.’ अगं, माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी तुझ्या भाऊजींना अगदी हेच ऐकवलं होतं.

डिसेंबरात कॅल्गरीला दोन दिवस शिनूक वाहिला. रॉकी पर्वत उतरून येणारा कोरडा, उबदार वारा. उणे पंधरावरचा पारा काही तासांत शून्याच्या वर नेऊन ठेवतो. कडेचे बर्फाचे ढीग वितळले, रस्त्यावरून पाणी वाहायला लागलं, मी जॅकेटची चेन उघडी टाकून हिंडले. रात्री वारा पडला आणि ते पाणी जागच्या जागी गोठलं. सकाळी रस्ता नुसता ओला दिसत होता. मी फोर-बाय-फोरचा नॉब फिरवला. सिग्नल सुटला तशी आजूबाजूच्या छोट्या गाड्या जागेवरच चाकं फिरवत राहिल्या आणि माझा ट्रक झोकात पुढे. काय तो तोरा! पुढच्या चौकात लाल दिवा लागला. ब्रेक दाबला, तर पायाखाली पेडल टकटक टकटक थरथरायला लागलं आणि ट्रक आपला चाललाच आहे. टायरचा करकर आवाज नाही, धक्का नाही. घसरगुंडीवर बसल्यासारखी मी आख्खा चौक ओलांडून पलीकडे जाऊन थांबले. आडवी गाडी आली नाही, एवढंच दैव. मग कडेला घेऊन दहा मिनिटं नुसती स्टिअरिंगला धरून बसले. आईला हे आजतागायत सांगितलेलं नाही. तूही बोलू नकोस.

त्या दहा मिनिटांत एक गोष्ट डोक्यात शिरली. फोर-बाय-फोरमुळे इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळते, म्हणजे गाडी निघते छान. ब्रेक मात्र सगळ्यात स्वस्त गाडीलासुद्धा चारही चाकांना असतातच. थांबायची वेळ आली की आपल्या मोठ्या ट्रकजवळ जास्तीचं काहीच नसतं, असतं ते वजन. दोन-सव्वादोन टनांचं धूड रस्त्याला टेकतं कुठे? चार ठिकाणी, प्रत्येक ठिकाण साधारण तळहाताएवढं. तुझा जीव त्या चार तळहातांवर.

आता रबराचं ऐक. नाशिकला थंडीत खोबरेलाची बाटली गोठायची आणि आई ती उन्हात नेऊन ठेवायची, आठवतं? शेजारचं तिळाचं तेल मात्र तसंच पातळ. टायरचंही तसंच समज. साधारण ७ अंशांच्या खाली ऑल-सीझनचं रबर ताठ व्हायला लागतं, विंटर टायरचं मऊ राहतं. तुला खोटं वाटत असेल तर उणे वीसच्या सकाळी बाहेर जा आणि दोन्हींवर अंगठ्याचं नख दाबून बघ. एक जुन्या चपलेच्या तळासारखं लागेल, दुसरं खोडरबरासारखं दबेल. विंटर टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीनं चिरल्यासारख्या बारीक चिरा असतात. त्या बर्फाला धरतात. म्हणून बर्फ पडलं नाही तरी ऑक्टोबरात टायर बदलायचे. पारा बघायचा, आभाळ नाही.

त्यात तुझी गाडी पिकअप. गावाकडे रिकामा टेम्पो खड्ड्यांतून कसा मागून नाचत जातो, पाहिलायस ना? इंजिन पुढे, हौदा रिकामा, मागची चाकं हलकी. टू-व्हीलमध्ये असताना ढकलतात तीच मागची चाकं, आणि निसटतातही तीच. ‘मागचे दोनच बदलले तर?’ असा विचार तुझ्या मनात येईल, मी ओळखते तुला. नको. मागचे दोन चांगले आणि पुढचे ताठ, तर वळायच्या नि थांबायच्या वेळी पुढचं तोंड ऐकत नाही. पुढचे दोन चांगले, तर शेपूट फिरून पुढे येतं. शिवाय फोर-बाय-फोरला चारही चाकं एका मापाची, सारख्या झिजेची लागतात, नाहीतर गिअरांवर ताण येतो. घ्यायचे तर चार.

दुकानात गेलीस की टायरच्या कडेला दोन खुणा दिसतील. नुसतं ‘एम प्लस एस’ म्हणजे चिखल-बर्फाच्या घाटाची नक्षी, बाकी हमी काही नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमाचं फूल असेल तर तो टायर बर्फावरच्या परीक्षेत पास झालेला. पण ती परीक्षा कसली, ठाऊक आहे? दाबलेल्या बर्फावर गाडी पुढे खेचायची. बर्फाच्या काचेवर थांबण्याची नाही. म्हणजे ते फूलसुद्धा मुख्यतः निघण्याचंच सांगतं! म्हणून फूल असलेले ऑल-वेदर किंवा ऑल-टेरेन टायर बघून लगेच हुरळू नकोस. शहरातल्या शहरात फिरणारी, बर्फ पडलं की घरून काम करणारी असतीस, तर मी म्हटलं असतं, घे ऑल-वेदर, वर्षभर बदलायची कटकट नाही. पण तू रेड डिअरहून पहाटे साइटवर निघतेस. हायवे २ वर दोन्हीकडे मोकळं माळरान, वाऱ्यानं बर्फ आडवं वाहत येतं आणि चाकांखाली घोटून काच होते. तुझ्यासाठी खरे विंटर टायरच.

‘कायद्यानं सक्ती आहे का?’ असंही विचारलंस. अल्बर्टात नाही. क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर लागतातच. ब्रिटिश कोलंबियात डोंगरातल्या रस्त्यांवर १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल लागतात. बॅन्फ ओलांडून गोल्डनला गेलीस की तो नियम तुलाही लागू. तिथे नुसतं ‘एम प्लस एस’ आणि साडेतीन मिलिमीटर खाच एवढ्यावर पोलीस सोडतात. घाट सोडेलच असं नाही. मी तर खाच चार मिलिमीटरवर आली की बर्फात तो टायर संपला असं धरते.

पैशांचं दुखणं मला कळतं. नवीन देश, डिपॉझिटं भरून हात रिकामा. पण हिशेब नीट मांड. विंटर टायर फिरतात तेव्हा उन्हाळी टायर तळघरात आराम करतात. दोन्ही जोड जास्त वर्षं टिकतात. टायर स्वतःच्या लोखंडी रिमवर चढवून घे, म्हणजे दर खेपेला टायर काढून चढवायची मजुरी वाचते. तुझ्या ट्रकला वीस इंची चकाकत्या रिम असतील तर ब्रेकवर बसत असतील अशा सतरा-अठरा इंची विचार. टायर स्वस्त पडतो आणि थोडा अरुंद टायर बर्फ कापत खाली रस्त्यापर्यंत पोचतो. जुने घेणार असशील तर टायरवरच्या तारखेचे शेवटचे चार आकडे बघ. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही छान दिसू दे, म्हातारं रबर ताठच. भार किती सोसतो तेही ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरशी ताडून घे. आणि एप्रिलमध्ये आळस करू नकोस, गरम डांबरावर हे मऊ रबर भराभर झिजतं.

मागच्या हौद्यात वाळूच्या गोण्या टाक, पण त्या मागच्या ॲक्सलच्या वर, टोकाला फळीपाशी नकोत, आणि बांधून ठेव. मी एकदा न बांधता टाकल्या. पहिल्याच ब्रेकला गोणी घरंगळत येऊन केबिनच्या पाठीवर अशी धडकली की मला वाटलं मागून ट्रकच आला. रुतलीस तर तीच वाळू चाकांखाली टाकता येते. गोण्या म्हणजे टायरचा पर्याय मात्र नाही हं. वजनानं मागची चाकं दबतात, थांबवायचं वजनही वाढतं.

हवा सकाळी, गाडी न चालवता बघ. पारा पाच-सहा अंश उतरला की साधारण एक पीएसआय कमी होते. पंधरावरून उणे वीसवर गेली थंडी, की सहा पीएसआय आपोआप गेले.

हे सगळं झालं की एक काम कर. घराजवळच्या मोकळ्या पार्किंगमध्ये, कुणी नसताना, वीसच्या वेगानं जाऊन ब्रेक दाब. कुठे थांबते ते मोज. तुझा ट्रक तुला काय देऊ शकतो ते एकदा पायाला कळू दे, म्हणजे चौकात कळायची वेळ येणार नाही. चांगले टायर लावूनही अंतर मी दुप्पट ठेवते, त्या दिवसापासून.

शनिवारची अपॉइंटमेंट घे, मी येते. आणि टायर लावल्यावर शंभर किलोमीटरच्या आत नट पुन्हा आवळून घ्यायचे असतात, बरं का. तेवढं आपण दोघी मिळून करू.