शब्द, अर्थ आणि स्मरण

पाठाला बसणाऱ्या विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न वारंवार येतो. मनुष्य विचार करतो तो शब्दांनी की अर्थांनी? आणि स्वप्नात जे बोलणे ऐकू येते ते खरोखरीचे शब्द असतात, की अर्थच शब्दाचा वेष घेऊन येतो? प्रश्न वरवर तर्कशास्त्राचा दिसतो. परंतु ज्याला नित्य स्मरण करावयाचे आहे त्याच्या दृष्टीने तो आचाराचाच प्रश्न होय. मुखाने नाम चालू असता मन बाजारात हिंडत असते, आणि कधी मन लीळेत रमलेले असता मुख बंद असते. या दोहोंत स्मरण कोणते म्हणावे?

पूर्वपक्ष शब्दवादी वैयाकरणांचा. भर्तृहरीच्या मते ज्ञान आणि शब्द यांची फारकत होऊच शकत नाही. नैयायिकांनी मात्र निर्विकल्प ज्ञान मानले. वस्तू प्रथम नावावाचून प्रतीत होते, नाव तिला मागाहून लागते. पाळण्यातील बालक आईस ओळखते ते 'आई' हा शब्द त्यास येण्याच्या कितीतरी आधी. यावर शब्दवादी म्हणतात की बालकाच्या ठिकाणीही शब्दाचा पूर्वसंस्कार बीजरूपाने असतोच. हे उत्तर चतुर आहे. पण ते तपासून पाहता येत नाही, म्हणून ते बाजूस ठेवू आणि तपासता येण्याजोगे जे आहे त्याकडे वळू.

१९६७ साली जॅकलिन सॅक्स या अमेरिकन विदुषीचे एक संशोधन प्रसिद्ध झाले. श्रोत्यांना दुर्बिणीच्या शोधासंबंधीचा एक उतारा ऐकवला, आणि त्यातील एखादे वाक्य पुढे जसेच्या तसे किंवा थोडे पालटून पुन्हा ऐकवले. वाक्य संपताच विचारले तर शब्दांतील पालट श्रोत्यांच्या ध्यानात येई. परंतु मध्ये सुमारे ८० अक्षरांइतका मजकूर गेला की केवळ मांडणीतील पालट त्यांस उमगेनासा झाला. अर्थातील पालट मात्र ते तेव्हाही पकडत. अर्ध्या मिनिटाच्या आत मनाने शब्दांचे टरफल टाकून दिले आणि दाणा ठेवून घेतला.

लीळाचरित्राच्या अभ्यासकास यात आश्चर्य वाटू नये. परंपरा सांगते की म्हाइंभटांनी सिद्ध केलेली मूळ प्रत खालशाच्या धाडीत नाहीशी झाली आणि पुढे धारणावंतांच्या स्मरणातून लीळा पुन्हा जुळवाव्या लागल्या. पोथ्यांत ठिकठिकाणी निरनिराळ्या 'वासना' नोंदलेल्या आढळतात त्या यामुळेच. त्या एकापुढे एक ठेवून वाचाव्यात. कोठे स्थळ बदलते, कोठे माणसाचे नाव. पण बहुधा प्रसंग तोच, निरूपणाचा रोख तोच, आणि वाक्याची ठेवण तेवढी निराळी. आठवणाऱ्याजवळ अर्थ उरला होता आणि त्याने त्यास पुन्हा शब्द दिले. स्मरणात उरलेल्या पाठाला आपल्या पूर्वजांनी 'वासना' हे नाव दिले, आणि ते मोठे समर्पक आहे असे मला नेहमी वाटते. सूत्रपाठाची गोष्ट वेगळी. केशिराजबासांनी सर्वज्ञांच्या वचनांतून निवडलेली सूत्रे आपण अक्षरशः म्हणतो, कारण ती पुनःपुन्हा उच्चारून जिभेच्या वळणी पाडलेली असतात. शब्द शब्दशः हवा असेल तर त्यासाठी निराळे श्रम करावे लागतात. मनाची ती सहजप्रवृत्ती नव्हे.

आता अधिक कठीण प्रसंग पाहू. आमच्या परिचयातील एका वृद्ध महात्म्यांची वाचा पक्षाघाताने गेली. सेवेत असलेल्या तरुण साधकांनी मला विचारले, "बाबांचे स्मरण आता चालत असेल का?" विचारणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी होते, म्हणून उत्तर अंदाजाने देणे योग्य नव्हते.

१८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात ब्रोका नामक वैद्याने लबोर्न नावाच्या रोग्यास तपासले. कित्येक वर्षे त्याच्या मुखातून 'तान' याहून फारसे काही निघत नसे. तू येथे किती वर्षे आहेस, असे विचारताच त्याने हाताची पाचही बोटे चार वेळा उघडली आणि वर एक बोट दाखवले. एकवीस वर्षे हे उत्तर बरोबर होते! २००५ साली शेफील्ड विद्यापीठातील रोझमेरी वार्ली आणि त्यांचे सहकारी यांनी असेच तीन रोगी अभ्यासले. वाक्यात कोणी कोणास मारले, हे केवळ शब्दांच्या क्रमावरून त्यांस नीट उलगडत नसे. तरीही कोणत्या संख्येतून कोणती वजा करावयाची आणि कंसातले गणित आधी करावयाचे, हे ते अचूक जाणत. व्याकरण गेले, विचार उरला.

याची दुसरी बाजूही वैद्यांनी पाहिली आहे. आपल्या मनातील नवे वाक्य ज्यांस एकही बोलता येत नाही, अशा रोग्यांपैकी काहींच्या तोंडून पाठ असलेली प्रार्थना किंवा एक, दोन, तीन ही मोजणी सहज निघते. म्हणजे अर्थावाचून शब्द राहू शकतो आणि शब्दावाचून अर्थही. पोथी घडाघडा म्हणणारा मनाने जागा आहेच असे नाही, आणि मुका झालेला मनाने विझला आहे असेही नाही. त्या साधकांना मी एवढेच सांगितले की बाबांपुढे त्यांच्या आवडीची लीळा नित्य वाचीत जा, सावकाश वाचा, आणि त्यांच्यादेखत ते तेथे नसल्यासारखे बोलू नका.

स्वप्नाचा विचार थोडक्यात करतो. एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोवैद्याने स्वप्नात ऐकलेली व बोललेली वाक्ये जागे होताच टिपून ठेवली आणि १९०६ साली त्यांवर ग्रंथ लिहिला. त्यांतील कित्येक शब्द कोणत्याही भाषेत नसलेले. तरी स्वप्नात ते पूर्ण सार्थ वाटले होते. अर्थाची प्रतीती पक्की आणि शब्द पोकळ, असा हा प्रकार. स्वप्नात 'गुरूंनी असे सांगितले' हे निश्चित आठवते आणि शब्द विचारले तर एकही सांगता येत नाही, हा अनुभव वाचकांपैकी अनेकांना असेल. जन्मांधांच्या स्वप्नांत बहुधा रूप नसते. स्पर्श, ध्वनी, गंध असतात. दृष्टान्तपाठातील हत्ती चाचपणारे जात्यंध येथे आठवतात. पाय हाती लागलेल्यास तो खांबासारखा, कान हाती लागलेल्यास सुपासारखा. खांब आणि सूप हे शब्द त्यांनी मागाहून उच्चारले. आधी तळहाताला जे कळायचे ते कळले होते.

आपल्या पंथात स्मरण नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा असे चतुर्विध सांगितले आहे. या चोहोंत शब्दरूप म्हणावे असे एक नामच. मूर्ती रूपाने आठवते, चेष्टा हालचालीने, लीळा प्रसंगाने. स्मरण शब्दापुरतेच असते तर उरलेल्या तिहींचे प्रयोजन काय होते? म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे असे की मुख बंद असता मन लीळेत असेल तर ते स्मरणच आहे. मात्र या सवलतीचा आळशाने लाभ घेऊ नये. मन अर्थावरून घसरते तेव्हा त्यास परत आणण्यासाठी नामासारखा खुंटा दुसरा नाही, आणि वर सांगितलेल्या रोग्यांच्या उदाहरणावरून असेही दिसते की लहानपणी जिभेला लावलेला पाठ पुष्कळ काही गेल्यावरही उरू शकतो.

मग शब्दाचे मुख्य कार्य कोणते? एकाच्या मनातील अर्थ दुसऱ्याच्या मनात पोचविणे, हे. स्मृतिस्थळातील प्रसंग सर्वश्रुत आहे. केशिराजबास संस्कृतात ग्रंथरचना करू लागले तेव्हा श्रीनागदेवाचार्यांनी त्यांस थांबविले, कारण त्यामुळे मार्गातील म्हाताऱ्या ज्ञानाला मुकल्या असत्या. केशिराजांना स्वतःला संस्कृत पुरेपूर अवगत होते आणि अर्थही त्यांजवळ होताच. आचार्यांनी पाहिले ते समोर बसून ऐकणाऱ्या म्हातारीकडे.