परीकथेतील चित्र : सजावट की अर्थनिर्णयन?

पुस्तकातील चित्र म्हणजे मजकुराची सजावट, असा सर्वसाधारण समज असतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेत परीकथांची चित्रे काढण्याचे काम अनेक स्त्रियांना मिळाले, त्यामागे अंशतः हाच समज होता : मुलांसाठीचे, सजावटीचे काम स्त्रियांना शोभते. त्या कामाला दुय्यम लेखले गेले, तेही याच समजामुळे. तो कितपत खरा आहे, हे एका उदाहरणावरून तपासू.

व्हर्जिनिया फ्रान्सिस स्टेरेट (१९००–१९३१) यांना आईच्या आजारपणामुळे शिकागो येथील कलाशिक्षण सोडावे लागले. जाहिरातींसाठी चित्रे काढून त्यांनी घर चालवले. फ्रेंच लेखिका काउंटेस द सेग्यूर यांच्या परीकथांचा इंग्रजी अनुवाद १९२० मध्ये स्टेरेट यांच्या चित्रांसह प्रसिद्ध झाला. त्यातील एका कथेत रोझाली ही मुलगी, मनाई असतानाही, झाकून ठेवलेल्या झाडावरील आच्छादन दूर करते. कथा तिच्या कुतूहलाला तत्काळ शिक्षा देते. स्टेरेट यांनी मात्र शिक्षेपूर्वीचा क्षणही चितारला आहे : अद्भुत झाडासमोर उभी असलेली रोझाली. कथा उपदेश करते. हे चित्र विस्मयाची बाजू घेते. कोणता क्षण दाखवायचा, ही निवड म्हणजेच अर्थनिर्णयन होय.

क्षयाने स्टेरेट यांचे अकाली निधन झाले. तोवर त्यांच्या चित्रांची तीनच पुस्तके प्रसिद्ध झाली होती.

स्वयंअध्ययन : आपल्या वाचनातील एक सचित्र बालकथा निवडा. चित्रकाराने कोणता क्षण निवडला, कोणता वगळला आणि त्यामुळे कथेचा अर्थ कसा बदलला, ते आठ-दहा ओळींत लिहा. चित्रकाराचे नाव नोंदवण्यास विसरू नका.