टेम्पोचा खोळंबा आणि घाटातील घाई

कापडाचा पन्ना, पोत आणि भाव यांची पारख आपण सगळेच करतो. पण तो माल दुकानापर्यंत आणणाऱ्या टेम्पोचालकाची अडचण काय, हे फारसे कोणी विचारत नाही. आमचा माल एकीकडे भिवंडीहून खोपोलीमार्गे बोरघाट चढून येतो आणि दुसरीकडे पुण्याच्या रविवार पेठेतून तळेगाव, वडगाव, कामशेत करीत लोणावळ्यास पोचतो. या वाटेवरच्या चालकांशी बोलताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. घाटातील अपघाताचे मूळ पुष्कळदा आपल्या दुकानाच्या दारात असते. ते कसे, हे पाहू.

खोळंबा कोणाच्या माथी?

छोट्या टेम्पोचे भाडे बहुधा फेरीवर ठरते, तासावर नाही. गाडी दारात येते तेव्हा गाठी बांधलेल्या नसतात, बिल लिहायचे असते, हमाल जेवायला गेलेला असतो. "भाई, दहा मिनिटं थांबा" म्हणता म्हणता तास जातो. माल उतरवतानाही तेच. लोणावळ्याच्या बाजारात गाडी लावायला जागा नसते. पावसाळ्यातील शनिवार-रविवारी पर्यटकांच्या मोटारींनी रस्ता तुंबतो. चुकीच्या जागी गाडी उभी केल्याचा दंड चालक भरतो. कामशेतहून नाणे मावळात किंवा पवन मावळात आत जायचे तर रस्ता अरुंद, आणि परतीचे भाडे मिळेल याची खात्री नाही. गेलेला वेळ भरून काढायला त्याच्याजवळ एकच उपाय उरतो, तो म्हणजे वेग.

घाटाला घाई चालत नाही

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२५ मीटर उंचीवर आहे आणि खोपोली घाटाच्या पायथ्याशी. हा उतार उतरताना डिझेल वाचवण्यासाठी काही जण गाडी न्यूट्रल करतात. त्यामुळे इंजिनाची पकड सुटते, सारा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक लागत नाही. इंजिनच बंद केले तर ब्रेक दाबायला मिळणारी मदतही जाते. ज्या गिअरमध्ये चढ चढतो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे.

पावसाळ्यात धुके आणि दरडी यांची भर पडते. जुलै २०१५ मध्ये द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून बळी गेले. १३ जून २०२३ रोजी लोणावळ्याजवळ कुणे पुलावर रसायनाचा टँकर उलटून पेटला, चौघांचा जीव गेला आणि वाहतूक कित्येक तास थांबली. अशा दिवशी उशीर होणारच. तेव्हा दुकानातून वारंवार फोन करून चालकाला टोचणे म्हणजे त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर दाबणे होय.

वजनाचा हिशेब

'छोटा हत्ती' म्हणून ओळखली जाणारी गाडी साधारण ७५० किलो माल नेते. ६० किलोच्या १२ गाठी म्हणजे ७२० किलो. तेरावी चढवली की ७८०. ताडपत्री फाटकी असेल तर कापड पाणी पिते आणि वजन आणखी वाढते. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड ठरवला. एका गाठीचे भाडे वाचवून हा धोका पत्करणे हा कोणता व्यापार?

गाठींवर माणसे बसवणेही बंद करावे. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी वगळता फुकट बसलेल्या माणसाला मालवाहू गाडीच्या सक्तीच्या विम्याचे संरक्षण नसते.

कागदाची अडचण

राज्यांतर्गत १ लाख रुपयांपेक्षा अधिक किमतीचा माल पाठवताना महाराष्ट्रात ई-वे बिल लागते. सूत, कापड व कपडे मजुरीच्या कामासाठी ५० किलोमीटरपर्यंत नेण्यास त्यातून सूट आहे. म्हणजे पुण्याहून शिलाईसाठी तळेगावला पाठवलेला माल सुटीत बसतो. लोणावळा ६० किलोमीटरच्या पुढे असल्याने तेथे ही सूट चालत नाही. कागद अपुरा निघाला तर गाडी अडते आणि दिवस चालकाचा बुडतो.

आपण काय करावे?

१) गाडी बोलावण्यापूर्वी गाठी बांधून, मोजून, बिल तयार ठेवावे.
२) अर्ध्या तासापुढील खोळंब्याचा दर भाडे ठरवतानाच ठरवावा आणि तो न मागता द्यावा.
३) लोणावळ्याचा माल शक्यतो सोमवार ते गुरुवार, सकाळी लवकर पोचेल असा पाठवावा.
४) पावसाळ्यात पोचण्याची वेळ सांगू नये, दिवस सांगावा.
५) रात्रभर गाडी चालवून आलेल्या चालकाला लगेच परतीची फेरी देऊ नये.
६) पोचताच भाडे चुकते करावे. "पुढच्या फेरीला बघू" असे म्हणू नये.

यातील पाच गोष्टींना एक पैसाही लागत नाही, आणि दुसरीला लागतो तो चालकाच्या हक्काचाच. आपण माल चालकाच्या हवाली करतो तेव्हा तो त्याच्याकडे अमानत असतो, हे त्याला आवर्जून बजावतो. त्याच वेळी त्याचा जीव आपल्याकडे अमानत असतो, याचाही हिशेब व्यापाऱ्याने ठेवला पाहिजे. भिजलेल्या गाठीचा तोटा एका हंगामात भरून निघतो. ज्या घरचा कमावता माणूस घाटात गेला, त्या घराचा तोटा कोणत्याच हंगामात भरून निघत नाही.