आधी दुकान की आधी बँक?

लेकीच्या नव्या घरासाठी आम्ही ऑनलाइन एक सोफा-कम-बेड मागवला होता. किंमत बेचाळीस हजारांच्या घरात, आणि सगळे पैसे आधीच क्रेडिट कार्डावर भरलेले. घरपोच कधी मिळेल, ती तारीख ऑर्डरच्या ईमेलमध्ये छापलेली होती. तारीख उलटून गेली. फोन केला की पलीकडची मुलगी अगदी गोड आवाजात सांगायची, ‘मॅडम, गाडी निघालीये, या आठवड्यात नक्की.’ मग ‘कारखान्यात माल अडकलाय’ सुरू झालं. शेवटी, ‘तुमचा रिफंड टाकलाय मॅडम, सात दिवसांत जमा होईल.’

अशा प्रसंगात भल्याभल्यांचे पैसे बुडतात ते याच गोड बोलण्यात. दुकानदार प्रत्येक वेळी लबाडच असतो असं नाही. पण बँकेकडे तक्रार करायला मुदत असते आणि फोनवरची आश्वासनं ती वाढवत नाहीत. माल मिळालाच नाही, अशा तक्रारीला व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत साधारण १२० दिवस मिळतात. माल यायचा ठरला होता त्या दिवसापासून ते सहसा मोजतात. शिवाय आपली बँक स्वतःच्या कामासाठी वेळ राखून ग्राहकाला याहून कमी दिवस देऊ शकते. तुमच्या बँकेची मुदत किती, हे कार्डाच्या अटींत आजच पाहून ठेवा. ‘थोडं थांबू या’ म्हणायचं की नाही, ते त्यावरून ठरतं.

मी फोनबरोबर ईमेलही करत होते. दुकानाशी बोलणं झालं की त्याच दिवशी दोन ओळी लिहायच्या: आज अमुक वाजता बोललो, तुम्ही अमुक सांगितलंत. एका ईमेलमध्ये स्पष्ट तारीख घातली: या दिवसापर्यंत माल द्या किंवा पैसे परत करा, नाहीतर मी बँकेकडे तक्रार नोंदवेन. धमकीची भाषा लागत नाही. तारीख असली की पुरे. ई-कॉमर्ससाठी २०२० साली आलेल्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. तेव्हा ईमेल फक्त कॉल सेंटरला न पाठवता त्या अधिकाऱ्यालाही पाठवा.

‘रिफंड टाकलाय’ हे खरं की खोटं, हे तपासायला एक सोपा उपाय आहे. एआरएन मागा. कार्डावरच्या व्यवहाराला आणि रिफंडलाही हा २३ आकडी क्रमांक मिळतो, आणि तो दिला की आपली बँक पैसे कुठे आहेत ते शोधू शकते. खरोखर रिफंड केलेलं दुकान हा क्रमांक देऊ शकतं. आमच्या गोड आवाजाच्या मुलीनं ‘सिस्टिममध्ये दिसत नाहीये’ म्हटलं, तेव्हा मला काय ते समजलं. त्या संध्याकाळीच मी बँकेत तक्रार नोंदवली.

बँकेच्या फोनवरचा तरुण समजूतदार होता. सगळं ऐकून म्हणाला, ‘मॅडम, फ्रॉड म्हणून टाकू का? काम लवकर होईल.’ मी ठाम नाही म्हटलं. तुम्हीही म्हणा. ओटीपी माझ्या फोनवर आला होता आणि मीच टाकला होता. व्यवहार मी केलाच नाही असं सांगितलं असतं, तर ते खोटं ठरलं असतं आणि बँकेच्या नोंदींपुढे एका झटक्यात पडलं असतं. वर कार्ड बंद झालं असतं ते वेगळंच. अर्जात कारणांची यादी असते: व्यवहार माझा नाही, रक्कम दोनदा कापली, रक्कम चुकली, माल मिळाला नाही, सांगितल्यापेक्षा वेगळा मिळाला, रद्द करूनही पैसे आले नाहीत. जे घडलं तेच कारण निवडायचं. पुढचा सगळा पुरावा त्या कारणावरच तपासला जातो.

काही दिवसांनी रक्कम खात्यात दिसली. ती तात्पुरती जमा होती, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. निकाल लागेपर्यंत तो पैसा आपला धरायचा नाही, कारण दुकानाला आपली बाजू मांडायचा हक्क असतो. आमच्या दुकानानं ती मांडली. माल पोचवल्याची कुरिअरची पावती बँकेत आली. ती मी नीट वाचली. खाली सही होती, शिक्का होता, पण पत्त्यातला पिनकोड आमचा नव्हताच, जिल्हासुद्धा वेगळा. ऑर्डरच्या ईमेलवरचा पत्ता आणि ही पावती शेजारी शेजारी ठेवून मी उत्तर पाठवलं. पैसे कायमचे परत मिळाले. दुकानाचे कागद आले की कितीही कंटाळा आला तरी ओळ न् ओळ वाचा, आणि बँकेनं दिलेल्या मुदतीत उत्तर द्या. गप्प बसलात तर प्रकरण तुमच्या विरोधात जाऊ शकतं.

या काळात बिलाचं काय करायचं? मी पूर्ण भरलं. वादातली रक्कम बाजूला ठेवल्याचं बँक लेखी कळवत नाही, तोवर भरत राहणंच शहाणपणाचं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या निर्देशांत निकाल लागेपर्यंत शुल्क लावू नये असं म्हटलं आहे, पण ते फसवणुकीच्या तक्रारींपुरतं. दुकानाशी असलेल्या भांडणाला ते संरक्षण आहे असं समजून बिल थकवलं, तर बऱ्याच कार्डांवर वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास जाणारं व्याज लागतं आणि सिबिलवर डाग पडतो.

खरी फसवणूक असेल, म्हणजे व्यवहार तुम्ही केलाच नसेल, तर दुकान शोधत बसू नका. आधी बँक, तीही त्याच क्षणी. कार्ड बंद करा, तक्रारीचा क्रमांक घ्या, १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. रिझर्व्ह बँकेनं जुलै २०१७ मध्ये घालून दिलेला नियम असा की चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा व्यवहाराचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलंत तर तुमच्यावर एक रुपयाचीही जबाबदारी येत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसांत ती मर्यादित असते आणि त्यानंतर बँकेच्या धोरणावर अवलंबून. मात्र ओटीपी तुम्हीच कुणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. तेव्हा कळवायला संकोच करू नका.

पण ‘व्यवहार माझा नाही’ म्हणण्याआधी एकदा खात्री करा, ही विनंती मी माझ्या भाच्यासाठी करते. तो कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकतो. एका ग्राहकानं चपला नेल्या, घातल्या, आणि महिन्याभरानं बँकेत सांगितलं की हा व्यवहार मी केलाच नाही. कारण इतकंच की स्टेटमेंटवर दुकानाच्या नावाऐवजी भाच्याच्या आईच्या नावानं नोंदवलेल्या फर्मचं नाव आलं होतं. भाच्याचे पैसे अडकले आणि वर शुल्कही लागलं. कुरिअरची सही आणि फोटो जपून ठेवले होते म्हणून तो सुटला. लहान दुकानदाराला असे चार दावे लागोपाठ आले तर धंद्याचं कंबरडं मोडतं. अनोळखी नाव दिसलं तर रक्कम आणि तारीख आठवा, घरातल्यांना विचारा, ईमेलमध्ये ती रक्कम शोधा. पेमेंट कंपनीचं किंवा मूळ फर्मचं नाव छापून येणं अगदी नेहमीचं आहे.

वस्तू वर्णनाप्रमाणे आली पण मनात भरली नाही, तर तो बँकेचा विषय नाही. दुकानाच्या परतीच्या अटी पाहा. ‘रद्द केल्यास पैसे परत नाहीत’ असं वाचून स्वस्तात घेतलेली हॉटेलची खोली बेत बदलल्यामुळे सोडावी लागली, तर दावा टिकणं कठीण. आमच्या शेजाऱ्यांनी तो करून पाहिला. हॉटेलनं त्यांनी मान्य केलेल्या अटींचं पान पुढे ठेवलं आणि विषय संपला. हॉटेलनंच बुकिंग रद्द केलं असतं, तर चित्र उलट असतं.

पैसे कापले गेले पण दुकानाला मिळालेच नाहीत, असं मशीनवर किंवा वेबसाइटवर झालं, तर पाच दिवस थांबा. ती रक्कम आपोआप परत यायला हवी, आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेनं द्यायची असते. दरमहा कापली जाणारी वर्गणी बंद करायची असेल, तर कंपनीकडे रद्द कराच, शिवाय बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ई-मँडेटही काढून टाका. कापण्याच्या किमान २४ तास आधी येणारा मेसेज त्यासाठीच असतो.

दुकान दाद देत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आणि पुढे ग्राहक आयोग आहे. बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. तुमचे ईमेल आणि तक्रारीचे क्रमांक जवळ असतील, तर जरूर जा.