हलक्या लॅपटॉपवर थाटलेला मोठा संसार

मेहकर-लोणार रस्त्यावरच्या सुलतानपूरसारख्या गावात घरात लॅपटॉप येतो तो बहुतेक वेळा एकच असतो, आणि त्याला कामे मात्र दहा असतात. थोरलीचा सीईटीचा अर्ज, धाकट्याची शिष्यवृत्ती, कुणाची एमपीएससीची व्याख्याने, कुणाचे कॉलेजचे प्रोजेक्ट. असा लॅपटॉप घेताना वजन, बॅटरी आणि किंमत पाहिलेली असते, म्हणून तो हलका असतो. त्याच लॅपटॉपवर पुढे ‘द सिम्स ४’ उतरवला जातो. १८ ऑक्टोबर २०२२ पासून मूळ गेम फुकट झाला आहे, आणि माणसे घडवून त्यांना घर, नोकरी, नातीगोती देत खेळण्याची गोडी लवकर लागते. या हौसेला माझा विरोध नाही. पण अशा मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. लॅपटॉपवर गेम सुरू होणे वेगळे आणि तो महिनोन्‌महिने लॅपटॉपला इजा न करता चालणे वेगळे. हलका लॅपटॉप थोडा वेळ जोर लावण्यासाठी बनवलेला असतो, आणि आयुष्याची नक्कल करणारा गेम तासन्‌तास चालतो व दर तासाला जड होत जातो. हा मेळ समजून न घेता खेळले तर किंमत गेम मोजत नाही, घरातला एकुलता एक लॅपटॉप मोजतो.

हा गेम जड का, याचे उत्तर चित्रांच्या झगमगाटात शोधणारे चुकतात. पहिला ‘द सिम्स’ फेब्रुवारी २००० मध्ये आला. त्याचा कर्ता विल राइट याचे कॅलिफोर्नियातले घर १९९१ च्या ओकलंडच्या वणव्यात जळाले होते. घर पुन्हा उभे करताना माणसाला नेमके काय काय लागते, या विचारातून गेमची कल्पना वाढली. म्हणून या गेमचा गाभा हिशेबाचा आहे. ‘सिम्स ४’ मध्ये प्रत्येक पात्राला भूक, झोप, करमणूक, सोबत, स्वच्छता आणि शौच अशा सहा गरजा असतात, आणि एका कुटुंबात आठ जण राहू शकतात. प्रत्येकाची गरज किती उरली, तो आता कुठे जाईल, वाटेत खुर्ची असेल तर कुठून वळेल, समोरच्याशी त्याचे पटते का, हे सगळे प्रोसेसर सतत ठरवत असतो. २००९ च्या ‘सिम्स ३’ मध्ये अख्खे गाव एकाच वेळी जिवंत ठेवले होते, आणि विंडोजवरची त्याची आवृत्ती ३२-बिट असल्याने ४ जीबीपलीकडची मेमरी तिला वापरताच येत नव्हती. त्यामुळे चांगल्या संगणकावरही तो जुना होत गेला की अडखळे. २०१४ च्या ‘सिम्स ४’ ने गाव छोट्या जागांमध्ये तोडले आणि पात्र ज्या जागी आहे तेवढ्याच जागेचा पूर्ण हिशेब ठेवला. म्हणूनच तो हलक्या लॅपटॉपवर निदान उभा राहतो. तरीही पिढ्या वाढतात, घरात सामान साचते, ओळखीपाळखी वाढतात. पहिल्या दिवशी गुळगुळीत चाललेला संसार दोन महिन्यांनी अडखळतो तो यामुळे.

आता लॅपटॉपची बाजू. हलक्या लॅपटॉपमधला प्रोसेसर किती शक्ती ओढू शकतो हे वॅटमध्ये मोजतात. इंटेलच्या आय५-१२३५यू या प्रोसेसरची पायाभूत मर्यादा १५ वॅट आहे, पण थोड्या वेळासाठी तो ५५ वॅटपर्यंत झेप घेऊ शकतो. दुकानात दिसते ती ही झेप. फाइल उघडली, ब्राउझर सुरू झाला, सगळे क्षणात होते, कारण काम क्षणाचेच असते. गेममध्ये काम संपतच नाही. थोड्या वेळात पातळ तांब्याची नळी आणि छोटा पंखा तापतात, आणि जीव वाचवण्यासाठी प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. २०२० नंतरच्या मॅकबुक एअरमध्ये तर पंखाच नाही. तिथे वेग उतरवणे हाच थंड होण्याचा मार्ग आहे. शिवाय अशा लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सची स्वतंत्र मेमरी नसते, ती मूळ रॅममधूनच उसनी घेतली जाते. ८ जीबी रॅममधून विंडोज आणि पाठीमागे उघडे राहिलेले ब्राउझर आपला वाटा घेतात, ग्राफिक्स आपला घेते, आणि उरल्यासुरल्यात गेमला भागवावे लागते. रॅम अपुरी पडली की संगणक तिच्यातली काही माहिती डिस्कवर लिहू लागतो आणि पात्रे पाऊल उचलून तशीच थबकतात. दुचाकीवरून एखादे पोते शेतातून घरी आणता येते, पण रोज बाजार समितीत माल न्यायला तीच दुचाकी वापरली तर ती मोडते. त्यात दोष गाडीचा नसतो.

यात आपल्या भागाची हवा मिळवा. लॅपटॉपमधली उष्णता बाहेरच्या हवेतच सोडायची असते, आणि आत-बाहेरच्या तापमानातला फरक जितका जास्त तितकी ती सहज जाते. प्रोसेसरची सहनशक्ती ९५ अंश धरली आणि खोली २५ अंशांची असेल, तर फरक ७० अंशांचा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, टिनाच्या छताखालची खोली त्याहून तापते. तिथे ४२ अंश धरले तर फरक उरतो ५३. म्हणजे तोच पंखा तीच हवा फेकूनही सुमारे एक चतुर्थांश कमी उष्णता बाहेर काढू शकतो. थंड खोलीत १५ वॅट पेलणारा लॅपटॉप आपल्या दुपारी ११ वॅटच्या आसपास येऊन ठेपतो. ॲपल आपले लॅपटॉप १० ते ३५ अंशांच्या हवेत वापरा असे सांगते. विदर्भातली मे महिन्याची दुपार त्या मर्यादेच्या बाहेरच असते. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची मळणी सुरू झाली की कुटाराची बारीक धूळ घराघरांत शिरते आणि लॅपटॉपच्या फटींत बसते. बॅटरीला तर उष्णता सर्वांत वाईट: लिथियमची बॅटरी गरम राहिली की तिची साठवण्याची ताकद कायमची घटते. लाईन गेल्यावर तासभर अर्ज भरायला जी बॅटरी हवी, तीच आपण मे महिन्यात गेमपायी झिजवतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: कंपनीने सांगितलेली किमान गरज आमचा लॅपटॉप पूर्ण करतो, मग अडचण काय? ‘सिम्स ४’ ची किमान रॅम ४ जीबी आणि सुचवलेली ८ जीबी आहे, हे खरे. पण किमान गरज म्हणजे गेम उघडेल एवढीच हमी. ती रिकाम्या गावासाठी असते, चार पिढ्यांच्या भरल्या घरासाठी नसते, आणि थंड खोलीत पहिल्या तासाला लागू पडते. गेमसाठी किमान २६ जीबी मोकळी जागा सांगितली आहे, ती मूळ गेमपुरती. पुढे विकत घेतलेला प्रत्येक पॅक आणि इतरांनी बनवलेले कपडे, केस, फर्निचर त्यावर चढत जाते. रोजचा २ जीबी डेटा असलेल्या मोबाईलवरून नुसता २६ जीबीचा गेम उतरवायचा म्हटला तरी तेरा दिवसांचा कोटा त्यात जातो. दुसरा आक्षेप असा की मित्राच्या तशाच लॅपटॉपवर गेम छान चालतो. इथे ‘तशाच’ या समजुतीवर भरवसा ठेवू नका. प्रोसेसरचे नाव तेच असून एका कंपनीने त्याला १५ वॅटवर बांधलेले असते, दुसरीने जाडसर आवरण आणि मोठा पंखा देऊन २५ वॅट दिलेले असतात. एकाच्या लॅपटॉपमध्ये ८ जीबीची एकच पट्टी असते, दुसऱ्याच्यात चार-चारच्या दोन. दोन पट्ट्यांवर मेमरीची वाट रुंद होते आणि उसन्या मेमरीवर जगणाऱ्या ग्राफिक्सला त्याचा मोठा फायदा मिळतो. नाव सारखे असले म्हणून ताकद सारखी होत नाही.

तिसरा आक्षेप कूलिंग पॅडचा. हवा खालून ओढणाऱ्या लॅपटॉपला पॅडने थोडा आराम मिळतो, ते नाकारण्यात अर्थ नाही; पण पॅड खोलीचीच गरम हवा ढकलतो, आणि ग्राफिक्सची किंवा रॅमची कमतरता तो भरून काढत नाही. चौथा आक्षेप सर्वांत आधुनिक: दूरच्या संगणकावर गेम चालवून फक्त चित्र आपल्याकडे आणणारी क्लाउड सेवा वापरावी. ज्यांच्याकडे भरवशाची फायबर जोडणी आहे त्यांच्यासाठी हा खरोखर चांगला मार्ग आहे. पण अशा एका नावाजलेल्या सेवेला साध्या दर्जाच्या चित्रासाठी सेकंदाला १५ मेगाबिट वेग लागतो. त्या वेगाने तासाला सुमारे पावणेसात जीबी डेटा जातो. दिवसाचा २ जीबी कोटा अठरा मिनिटांत संपेल. मोबाईल डेटावर जगणाऱ्या घरासाठी हा उपाय कागदावरच राहतो.

मग करायचे काय? माझा सल्ला असा. आधी खरे काय चालले आहे ते मोजा. विंडोजचा टास्क मॅनेजर रॅम किती भरली ते दाखवतो, आणि एचडब्ल्यूइन्फो हा फुकट प्रोग्रॅम तापमान दाखवतो. अर्धा तास खेळल्यावर तापमान सतत नव्वदीच्या वर असेल, तर लॅपटॉप नको म्हणतो आहे असे समजा. गेमच्या ग्राफिक्सच्या पर्यायांत ‘लॅपटॉप मोड’ आहे, तो सुरू करा. सावल्या आणि प्रतिबिंबे सर्वांत खालच्या पातळीवर ठेवा. पात्रे तीसच फ्रेमच्या वेगाने हलली तरी या गेममध्ये काही बिघडत नाही, कारण इथे नेमबाजी नाही. बऱ्याच लॅपटॉपवर पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के केली की तो झेप घेणे सोडतो. वेग थोडा कमी होतो, पण उष्णता पुष्कळ उतरते. छोटे घर बांधा, कुटुंब तीन-चार जणांचे ठेवा, फुकट मिळते म्हणून दुसऱ्यांचे सामान भरू नका. लॅपटॉप गादीवर कधीच ठेवू नका, फळीवर किंवा टेबलावर ठेवा. उन्हाळ्यात दुपारी खेळू नका, पहाटे किंवा रात्री खेळा. मळणीचा हंगाम संपला की जाणकाराकडून पंखा साफ करून घ्या. आणि ज्या आठवड्यात अर्जाची शेवटची तारीख असेल, त्या आठवड्यात गेम बंद.

याहून महत्त्वाचे म्हणजे लॅपटॉप पाहून गेम निवडा. मार्च २०२५ मध्ये क्राफ्टन या कोरियन कंपनीने, म्हणजे आपल्याकडे बीजीएमआय चालवणाऱ्या कंपनीने, ‘इनझोई’ हा आयुष्याची नक्कल करणारा नवा गेम आणला. त्याची किमान गरजच १२ जीबी रॅम आणि आरटीएक्स २०६० हे स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड आहे. हलक्या लॅपटॉपवर तो उतरवून पाहणेही डेटा वाया घालवणे आहे. उलट २०१६ चा ‘स्टारड्यू व्हॅली’ एरिक बॅरोन या एकट्या माणसाने बनवला. त्याला २ जीबी रॅम आणि सुमारे ५०० एमबी जागा पुरते, आणि त्यात शेती, हंगाम, गावातली माणसे, लग्न, सगळे आहे. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला पेरणी आणि पावसाचा हिशेब तिथे लगेच ओळखीचा वाटेल. जानेवारी २०२५ मध्ये ‘सिम्स’ आणि ‘सिम्स २’ हे जुने भागही आजच्या विंडोजसाठी पुन्हा विक्रीला आले. जुना म्हणजे कमी प्रतीचा, ही समजूत या गेमच्या बाबतीत तरी टिकत नाही.

घरातली वडीलधारी माणसे शेवटी एकच विचारतील: एवढा खटाटोप कशाला, गेम काढूनच का टाकू नये? मला हे पटत नाही. घराचा नकाशा आखणे, मिळकतीत खर्च बसवणे, एका निर्णयाचे परिणाम पुढच्या पिढीपर्यंत पाहणे हे या गेममध्ये मुले आनंदाने करतात, आणि अशा मुलाला संगणक आतून कसा चालतो हेही जाणून घ्यावेसे वाटते. ती उत्सुकता मारू नये. तिला मर्यादा शिकवावी. रॅम, वॅट आणि तापमान यांचा हिशेब एकदा समजलेला मुलगा किंवा मुलगी पुढचा लॅपटॉप घेताना जाहिरातीला भुलणार नाही, आणि दुकानात नेमके प्रश्न विचारेल: रॅमच्या पट्ट्या किती, वाढवता येईल का, प्रोसेसर किती वॅटवर बांधला आहे? पालकांनी मुलांसोबत बसून एकदा हे आकडे पाहावेत, खेळण्याची वेळ आणि हंगाम ठरवावा, आणि ठरलेले दोघांनीही पाळावे.