मिन्स पाय : नाव मांसाचे, सारण मेव्याचे

इंग्रजी कथा-कादंबऱ्या वाचताना नाताळच्या ताटातील एक पदार्थ आपल्याला वारंवार भेटतो. तो म्हणजे मिन्स पाय. चार्ल्स डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल' (१८४३) या कथेत एका भुताचे आसनच खाद्यपदार्थांच्या राशीचे दाखविले आहे. त्या राशीतही मिन्स पाय आहेत. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी अशा वेळी शब्दकोश उघडतो. 'मिन्स' म्हणजे खिमा, असा अर्थ त्याला मिळतो. 'पाय' हा शब्द देवनागरीत वाचून तर हसूच येते. पुढे कोणीतरी सांगते, की हा पदार्थ गोड असून आत मनुका नि सफरचंद असते. मग खरे काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे आहे, आणि हा पदार्थ घरी कसा करावा तेही पाहावयाचे आहे.

कायदा आणि पदार्थ

मिन्स पायचे मूळ सारण मांसाचेच होते. बारीक चिरलेले मांस, गुरांची चरबी, सुका मेवा आणि मसाले एकत्र करून ते कणकेच्या जाड पेटीत भरून भाजत. गोड आणि तिखट-खारट यांची आजची फारकत तेव्हाच्या इंग्लंडात नव्हती. त्यातील दालचिनी श्रीलंकेची, लवंग आणि जायफळ आजच्या इंडोनेशियातील बेटांचे. असे दूरदेशीचे महाग जिन्नस सणालाच काढले जात, म्हणून हा पदार्थ नाताळचा ठरला.

सतराव्या शतकात प्युरिटन पंथीयांचे वर्चस्व वाढले. नाताळच्या खाण्यापिण्याला धर्मग्रंथाचा आधार नाही, असे त्यांचे मत होते. महिन्याचा शेवटचा बुधवार हा तेव्हा सक्तीच्या उपवासाचा दिवस असे. १६४४ साली २५ डिसेंबर नेमका त्याच बुधवारी आला आणि त्या दिवशी उपवासच पाळावा, असे पार्लमेंटने ठरविले. जून १६४७ मध्ये तर नाताळ, ईस्टर इत्यादी सण रद्द करणारा वटहुकूम निघाला. त्या वर्षी कँटरबरी येथे नाताळच्या दिवशी दुकाने उघडी ठेवण्याचा हुकूम झाला आणि त्यावरून दंगल उसळली. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे असे हे उदाहरण आहे : बाजार कधी उघडावा हे हुकमाने ठरविता येते, परंतु गिऱ्हाइकाचे मन हुकमाने वळत नाही.

"क्रॉमवेलने मिन्स पायवर बंदी घातली आणि नाताळच्या दिवशी तो खाणे आजही बेकायदा आहे," असे गमतीने सांगितले जाते. त्यात तथ्य नाही. हे वटहुकूम पार्लमेंटचे होते, आणि क्रॉमवेल राज्यप्रमुख झाला तो १६५३ च्या डिसेंबरात. वटहुकूम सणाविरुद्ध होता, या पदार्थाविरुद्ध नव्हे. शिवाय १६६० मध्ये राजेशाही परत आल्यावर असे सर्वच वटहुकूम निरर्थक ठरले. ६ जानेवारी १६६२ रोजी सॅम्युअल पीप्स याने एका मेजवानीची नोंद आपल्या रोजनिशीत केली आहे. यजमानाच्या लग्नाचा तो वाढदिवस होता. लग्नाला जितकी वर्षे झाली तितके, म्हणजे अठरा मिन्स पाय एका ताटात मांडले होते! बंदीच्या काळात लोक हा पदार्थ विसरले नव्हते, हे यावरून दिसते.

मांस गेले कसे?

मांस एकाएकी गेले नाही. हाना ग्लास हिचे पाकशास्त्राचे पुस्तक १७४७ साली निघाले. त्यातील कृतीत चरबी, मनुका, सफरचंद, साखर, मसाले व ब्रँडी आहे. मांस मात्र "हवे असल्यास" म्हणून शेवटी येते. १८६१ च्या मिसेस बीटन यांच्या गृहव्यवस्थेच्या प्रसिद्ध ग्रंथात सारणाच्या दोन कृती आहेत, एक मांसासह आणि एक मांसाविना. अठराव्या शतकात वेस्ट इंडीजमधील मळ्यांतून साखरेची आवक वाढली, ती स्वस्त झाली आणि गोडाचे पारडे जड झाले. त्या स्वस्ताईमागे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे श्रम होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

सारणाचे 'मिन्समीट' हे नाव मात्र तसेच राहिले. मांसाचा एक अवशेषही राहिला. तो म्हणजे सूएट, गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची घट्ट चरबी. त्याचा विचार शेवटी करू.

सारण

पुढील सारण सुमारे चोवीस पायांना, म्हणजे दोन खेपांना पुरते.

सफरचंद, साल न काढता बारीक चिरून : ११० ग्रॅम
मनुका (बिया काढून) : ९० ग्रॅम
बेदाणे : ५५ ग्रॅम
करंट : ५५ ग्रॅम
संत्र्या-लिंबाची पाकवलेली साल : ५५ ग्रॅम
गडद तपकिरी साखर : ९० ग्रॅम
किसलेले थंड लोणी : ५५ ग्रॅम
बदामाचे काप : थोडे
अर्धे संत्रे व अर्धे लिंबू : रस आणि किसलेली साल
दालचिनी, जायफळ, लवंग, सुंठ यांची पूड : मिळून एक चमचा

करंट म्हणजे वाळविलेली लहान, काळी, बिनबियांची द्राक्षे. ग्रीसमधील कॉरिंथ या शहरावरून हे नाव पडले. ती न मिळाल्यास बेदाणे वाढवावेत. पाकवलेल्या सालीऐवजी बेकरीतील टूटीफ्रूटी घालू नये. ती कच्च्या पपईची असते आणि तिला सालीचा कडवट सुगंध नसतो.

सर्व जिन्नस कालवून रात्रभर झाकून ठेवावेत. दुसऱ्या दिवशी अगदी मंद, म्हणजे १२० अंश सेल्सिअसच्या भट्टीत सुमारे तीन तास ठेवावेत. ही पायरी गाळू नये. कच्च्या सफरचंदाला सुटणारे पाणी आंबते. मंद उष्णतेने लोणी वितळून प्रत्येक फोडीवर त्याचा पातळ लेप बसतो आणि तो धोका टळतो. निवताना अधूनमधून ढवळावे. इंग्रज लोक यात ब्रँडी घालतात, तिच्यामुळे सारण टिकते. ब्रँडी नको असल्यास थोडा संत्र्याचा रस घालावा. लोण्याचे असे सारण मात्र शीतकपाटात ठेवून आठवड्याभरात संपवावे.

पारी

करंजीची पारी ज्यांना जमते, त्यांनी येथे एक फरक ध्यानात घ्यावा. करंजीला आपण कडकडीत मोहन घालतो. पायच्या पारीला मात्र स्निग्ध पदार्थ थंडगार लागतो. प्रमाण सोपे आहे : मैदा दोन भाग, लोणी एक भाग. बारा पायांना २५० ग्रॅम मैदा, १२५ ग्रॅम थंड लोणी आणि चिमूटभर मीठ घ्यावे. इंग्लंडात अर्धे लोणी व अर्धी डुकराची चरबी घेण्याची जुनी रीत आहे. नुसत्या लोण्यानेही पारी उत्तम होते.

लोण्याचे तुकडे बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळावेत. तळवा लावू नये, तो गरम असतो. मिश्रण जाड रव्यासारखे दिसू लागले, की दोन-तीन मोठे चमचे थंड पाणी शिंपडून गोळा जुळवावा. मळू नये. मैद्याला पाणी लागून तो मळला गेला, की ग्लूटेनचे चिवट जाळे तयार होते. पोळीला ते हवे असते, येथे नको. लोण्याने मैद्याचे कण आधीच वेढले, म्हणजे पाणी त्यांच्यापर्यंत कमी पोहोचते व पारी खुसखुशीत होते. लोणी हातातच वितळले तर पारी तेलकट होते. डिसेंबरातील बेळगावची गार सकाळ या कामी फार सोयीची! गोळा अर्धा तास थंड जागी झाकून ठेवावा.

भरणे आणि भाजणे

पारी लाटून साडेसात सेंटिमीटरच्या बारा मोठ्या व सहा सेंटिमीटरच्या बारा लहान चकत्या पाडाव्यात. खास साचा नसेल तर लोणी लावलेल्या उथळ वाट्या चालतात. मोठी चकती तळाशी बसवून तीत दोन लहान चमचे सारण घालावे. शिगोशीग भरू नये, कारण साखर उकळून बाहेर येते आणि पाय वाटीला चिकटतो. कडेला पाणी लावून लहान चकती वर दाबावी. वाफेसाठी सुरीने चीर द्यावी व दुधाचा हात फिरवावा. २०० अंशांवर २० ते २५ मिनिटांत पाय सोनेरी होतात. घरी भट्टी नसेल, तर दिवाळीची नानकटाई आपण जशी बेकरीत भाजून आणतो, तसेच येथेही करता येईल. सारण निखाऱ्यासारखे तापलेले असते, म्हणून पाय वाटीत दहा मिनिटे राहू द्यावेत. मग जाळीवर काढून वर पिठीसाखर भुरभुरावी.

नाताळपासून बारा दिवस रोज एक मिन्स पाय खाल्ला, की पुढील बारा महिने सुखाचे जातात, अशी इंग्रजांची समजूत आहे.

घेणाऱ्याने सावध असावे

आता सूएटविषयी. तयार मिन्समीटची बरणी किंवा परदेशातून भेट आलेला खोका हाती आला, तर काय समजावे? "मिन्समीट म्हणजे मांस" असे मानून शाकाहारी मनुष्य तो निष्कारण परत करील. उलट "हल्ली यात फक्त मेवाच असतो" असे ऐकून तो खाल्ला, तर कदाचित गोवंशाची चरबी पोटात जाईल. दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. आज वनस्पतिजन्य सूएट मिळते आणि पुष्कळ उत्पादक तेच वापरतात, परंतु सर्वच नाही.

मालविक्री अधिनियम, १९३० शिकताना 'ग्राहकाने सावध असावे' हे तत्त्व आपण पाठ करतो. त्याचा येथील अर्थ एवढाच, की बरणीवरील नाव वाचून थांबू नये, घटकांची यादी वाचावी. नाव चारशे वर्षांपूर्वीचे असू शकते, यादी मात्र त्याच बरणीची असते. आणि ज्याला यादीवरही भरवसा ठेवावयाचा नसेल, त्याने वरील प्रमाणाने सारण घरीच करावे. मग त्यात काय आहे, हे कोणाला विचारण्याची गरज नाही.