उशिरां येणाऱ्यांचा वांटा

पाठ : १ करिंथ ११:१७-३४

आत्मिक वाढ म्हणजे काय, असें आपल्या मंडळींत कोणास विचारिलें तर उत्तर बहुधा ठरलेलें येतें : प्रार्थना वाढली, शास्त्रवाचन वाढलें, जुन्या संवयी सुटल्या. हें सर्व चांगलेंच आहे. परंतु करिंथ येथील मंडळींत प्रार्थना होती, ज्ञान होतें, आत्म्याचीं दानेंही होतीं (१:५-७), आणि तरीही पौल तिला स्पष्ट कळवितो कीं, तुम्ही एकत्र जमतां त्यानें हित होण्याऐवजीं हानि होते. हा दोष त्यास कोठें दिसला? त्यांच्या जेवणांत. वाचकांनीं वरील पाठ घरीं एकदां सावकाश वाचावा; ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांनीं तो मुलांकडून वाचवून घ्यावा, आणि मग आमच्याबरोबर पुढें यावें.

करिंथ हें बंदरांचें शहर. इ. स. पूर्वीं १४६ मध्यें रोमी सैन्यानें तें उद्ध्वस्त केलें व इ. स. पूर्वीं ४४ मध्यें यूलियस कैसरानें तें पुन्हां वसविलें. नव्या वस्तींत दास्यांतून सुटलेले लोक पुष्कळ होते. लेखियोन व किंख्रिया ह्या दोन बंदरांमुळें ओझीं वाहण्याचें काम तेथें सदा चालूच असे. पौल तेथें दीड वर्ष राहिला. ज्या गल्लियो नामक अधिकाऱ्यापुढें त्यास उभें करण्यांत आलें (प्रेषितांचीं कृत्यें १८:१२), त्याचें नांव डेल्फी येथील एका शिलालेखांत सांपडलें आहे; त्यावरून हा काळ इ. स. ५१ च्या सुमाराचा ठरतो. पुढें कांहीं वर्षांनीं इफिसाहून त्यानें हें पत्र पाठविलें.

त्या काळीं मंडळीस मंदिर नव्हतें. ज्याचें घर मोठें त्याच्या घरीं सर्वांनीं जमावें. करिंथ येथें गायस हा सर्व मंडळीचा यजमान होता (रोम १६:२३). रोमी रीतीच्या घरांतील जेवणाची खोली कशी असे हें ठाऊक असल्यावांचून हा पाठ नीट समजत नाहीं. त्या खोलींत तीन बाजूंस तीन बैठका असत व प्रत्येकीवर तिघे, ह्याप्रमाणें नऊ जण डाव्या कोपरावर टेकून जेवीत. बाकीच्यांनीं अंगणांत जागा पाहावी. आतां वाचकांनींच सांगावें, त्या नऊ जागा कोणास मिळत असतील? यजमानाच्या बरोबरीच्या लोकांस, आणि ज्यांस दिवस मावळण्यापूर्वीं येण्याची सवड होती त्यांस. रविवार हा तेव्हां सुटीचा दिवस नव्हता. त्या दिवशीं कामें बंद ठेवावीं असा हुकूम कॉन्स्टंटाईन बादशहानें इ. स. ३२१ मध्यें काढला. आणि त्या हुकुमांतही शेतकामास सूट होती, हें आमच्या खेड्यांतील वाचकांनीं ध्यानांत ठेवावें! दासाचा वेळ धन्याचा. धनी सोडील तेव्हां तो येणार. तो येई तों एक जण भुकेला व दुसरा प्यायलेला, अशी स्थिति होई.

पाठांत ‘दास’ हा शब्द नाहीं, हें खरें. पण ज्यांच्याजवळ कांहीं नाहीं त्यांस लाजविल्याचा दोष पौल करिंथकरांस लावितो (११:२२), व शेवटीं एकमेकांची वाट पाहण्यास सांगतो (११:३३). ह्या दोन गोष्टी एकत्र ठेविल्या म्हणजे कोणाची वाट पाहावयाची हें उघड होतें. ‘वाट पाहणें’ ह्या ठिकाणच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘आदरानें स्वीकारणें’ असाही कांहीं विद्वान करितात. दोन्ही अर्थ घेतले तरी चालतील. कारण वाट पाहून मग तोंड वांकडें करणें ह्यांत कांहीं पुण्य नाहीं.

येथें एका भीतीविषयीं लिहिलें पाहिजे. अयोग्य रीतीनें भाकर खाण्याविषयींचा जो इशारा ह्या पाठांत आहे (११:२७), त्याच्या धाकानें कित्येक गरीब माणसें प्रभुभोजनापासून दूर राहतात. अंगावर धुतलेलें लुगडें नाहीं म्हणून कोणी येत नाहीं, कर्ज फिटलें नाहीं म्हणून कोणी येत नाहीं. आणि भावाशीं बोलणें टाकलेला मनुष्य मात्र इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेंत बसतो. पौलाचा इशारा नेमका उलट्या दिशेनें आहे. तो ‘अयोग्य माणसें’ म्हणत नाहीं, ‘अयोग्य रीति’ म्हणतो. आणि ती रीति कोणती हें त्यानें आधींच सांगितलें आहे : दुसरा उपाशी असतां आपलें खाऊन घेणें. शरीर ओळखल्यावांचून खाणें असें तो पुढें म्हणतो (११:२९), तें वाचतांना १०:१७ उघडून पाहावें. तेथें एक भाकर खाणारे पुष्कळ जण मिळून एक शरीर आहेत असें त्यानें शिकविलें आहे. म्हणजे दाराबाहेर उभें असलेलें माणूस ज्यास दिसलें नाहीं, त्यास भाकरीचाही अर्थ कळला नाहीं.

आम्हांस हें सेमिनरींत शिकविलें होतें व परीक्षेंत आम्हीं तें बरोबर लिहिलेंही होतें. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्याकडे तीन खेड्यांचें काम होतें. प्रभुभोजन तीन महिन्यांनीं एकदां होई. त्या रविवारीं सुगी ऐन भरांत होती, आणि आम्हांस दुपारच्या एस. टी. नें दुसऱ्या गांवीं जावयाचें होतें. मंडळीचे एक वडील हळूच म्हणाले, “पाळकसाहेब, मळ्यांतली माणसं यायची आहेत. मालकानं खळं लावलंय.” आम्हीं घड्याळाकडे पाहिलें व गीत सांगितलें. भाकर वांटून झाली, प्याला फिरला, पात्रांवर वस्त्र झांकलें, आणि मग तीं चौघें दारांत येऊन उभीं राहिलीं : सालदार, त्याची बायको, धाकटा भाऊ व म्हातारी आई. केसांत भुसकट तसेंच होतें. पात्रें पुन्हां उघडण्यास किती वेळ लागला असता? आम्हीं तीं उघडलीं नाहींत. आशीर्वाद दिला व एस. टी. गांठली.

पुढच्या प्रभुभोजनास त्या घरचें कोणी आलें नाहीं; त्याच्या पुढच्यासही नाहीं. आम्ही चौकशीस मळ्यांत गेलों. म्हातारीनें पोतें अंथरून बसविलें, पाणी दिलें व म्हणाली, “आमचा येळ जमत न्हाई, पाळकसाहेब. तुमी आपलं उरकून घेत जावा.”

उरकून घेणें! करिंथाच्या दोषास इतकें नेमकें नांव आम्हांस कोणत्याही टीकाग्रंथांत आढळलेलें नाहीं.

तेव्हांपासून त्या मंडळीचें प्रभुभोजन रात्रीं ठेविलें. कुरकुर झाली. सकाळीं दहाची वेळ वाडवडिलांपासून चालत आली आहे, असें एक जण म्हणाले. जणूं ती सीनाय पर्वतावर दिली होती! इ. स. ११२ च्या सुमारास बिथुनियाचा सुभेदार प्लिनी ह्यानें बादशहास लिहिलें कीं, ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशीं उजाडण्यापूर्वीं जमतात, व नंतर जेवणाकरितां पुन्हां एकत्र येतात. आम्हांस वाटतें, कामकरी माणसांस दुसरी वेळच नसावी, आणि मंडळीनें आपली वेळ त्यांच्या हातीं दिली असावी.

सुवार्तिकांनीं हा पाठ घेण्यापूर्वीं मंडळीची नोंदवही काढावी व तीन महिन्यांत जे आले नाहींत त्यांच्या नांवापुढें कारण लिहावें. ‘आळस’ हें कारण घरीं जाऊन पाहिल्यावांचून लिहूं नये. बीड व नगर भागांतील ज्या मंडळ्यांतून माणसें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात, त्यांचा नाताळ कोपींत जातो. तेथें भाकर व प्याला घेऊन कोण जाणार हें वडिलांनीं आधींच ठरवावें. आणि ज्या गांवीं एके काळीं पाणवठे निरनिराळे होते, तेथें चटईवर कोण कोणाशेजारीं बसतो व प्याला कोणापासून कोणाकडे जातो, हेंही डोळे उघडे ठेवून पाहावें. ह्याविषयीं अधिक लिहिण्याची गरज नाहीं. ज्याचें त्यास ठाऊक आहे.

मळ्यांतील ती म्हातारी पहिल्या रात्रीं आली नाहीं. दुसऱ्या खेपेस आली, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून, साडेआठ वाजून गेल्यावर. पात्रांवरचें वस्त्र अजून काढलें नव्हतें, आणि मंडळी तिसरें गीत गात होती.